एकाच घरातली चार वयं आणि पैशाचे निर्णय

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं वय ३४, इंदूरला सुपर कॉरिडॉरवर सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, पत्नी शाळेत शिक्षिका, मुलगी तीन वर्षांची. लोकमान्य नगरच्या घरात आई-वडील आणि नुकताच नोकरीला लागलेला २३ वर्षांचा धाकटा भाऊ सोबत. वडील ६६ वर्षांचे, राज्य सरकारचे निवृत्त कर्मचारी. महिन्याचा खर्च साधारण ५५ हजार, कारच्या कर्जाचे अडीच लाख फेडायचे आहेत आणि हातात १२ लाख जमले आहेत. मावसभाऊ म्हणतो, उज्जैन रोडला डायरीवर, म्हणजे रजिस्ट्रीशिवाय नुसत्या वहीतल्या नोंदीवर, प्लॉट मिळतोय, घेऊन टाक. आत्याचे यजमान विमा एजंट आहेत, ते वीस वर्षांची पॉलिसी घेऊन आलेत. मामांना दुकानाच्या कर्जासाठी जामीनदार हवा आहे. भाऊ ऑप्शन ट्रेडिंगमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, उतरायच्या विचारात आहे. कोणाचं ऐकावं, आणि पुढच्या आयुष्यासाठी काय धोरण ठेवावं?

तुमच्या आसपासच्या सगळ्यांनी तुम्हाला पैसे कुठे घालायचे ते सांगितलं. हे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत, हे मात्र कोणी विचारलेलं दिसत नाही. इंदूरच्या मराठी घरांचे हिशेब बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि कुठलंही घर समोर आलं की मी आधी दोनच गोष्टी विचारतो. हा पैसा कोणत्या वर्षी लागणार? त्या वर्षी तो नसला, तर घरातलं कोण अडचणीत येईल? वय वाढतं तशी या दोन प्रश्नांची उत्तरं बदलतात आणि त्याप्रमाणे पैशाची जागाही बदलते. प्लॉट, पॉलिसी, फंड यांची नावं त्यानंतर घ्यायची. तुमच्या घरात चार वेगवेगळ्या वयांचे प्रश्न एकत्र आले आहेत, म्हणून एकेकाबद्दल लिहितो.

आधी धाकट्याबद्दल. त्याच्यावर आज कोणी अवलंबून नाही आणि त्याच्याकडे वेळ आहे. या वयातली खरी संपत्ती ती वेळच. महिना १० हजार रुपये ३० वर्षं गुंतवले आणि वर्षाला सरासरी १० टक्के वाढ धरली, तर सुमारे २ कोटी २६ लाख होतात. हेच १० हजार दहा वर्षं उशिरा सुरू करून २० वर्षं भरले, तर ७६ लाखच होतात. उशीर भरून काढायला हप्ता दुप्पट केला तरी गाडी दीड कोटीच्या आसपासच थांबते. परताव्याचा आकडा मी गृहीत धरलेला आहे, बाजार तशी हमी देत नाही. पण दोन रकमांमधली तफावत वेळेमुळे आली आहे, हे त्याला कागदावर मांडून दाखवा.

ऑप्शन ट्रेडिंगबद्दल मी कडक बोलणार आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेल्याचं दिसलं. एकूण तोटा होता १ लाख ८० हजार कोटींहून जास्त. त्यातले बहुतेक जण मूर्ख नव्हते, तुमच्या भावासारखेच हुशार, शिकलेले होते. आणि आपल्या शहराला तर हे जास्त ठाऊक असायला हवं. एके काळी फोनवरून शेअरच्या टिप्स विकणाऱ्या ‘अ‍ॅडव्हायजरी’ कंपन्यांसाठी इंदूर देशभर ओळखलं जायचं, आणि सेबीला त्यांतल्या कित्येकांवर कारवाई करावी लागली. खात्रीचा नफा सांगणारा फोन आला, की समोरच्याचा सेबी नोंदणी क्रमांक विचारून सेबीच्या संकेतस्थळावर तपासायला त्याला शिकवा. नोंदणी सापडली तरी खात्रीच्या नफ्याचं आश्वासन ऐकल्यावर फोन ठेवायचाच, कारण असं आश्वासन द्यायला नोंदणीकृत सल्लागारालाही परवानगी नाही.

त्याच्यासाठी आणखी दोन गोष्टी. नोकरी बदलली की पीएफ काढून मोटारसायकल घ्यायची, ही आजकालची रीत झाली आहे. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी काढलेल्या पीएफवर कर लागतो, आणि पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत मासिक पेन्शनला पात्र व्हायला दहा वर्षांची सेवा लागते. मधेच पैसे काढले की ती मोजणी तुटते. म्हणून यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, एकच ठेवायचा आणि खातं नव्या कंपनीत वळतं करायचं. दुसरी गोष्ट क्रेडिट कार्डाची. बिलावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते, ती भरली की काम झालं असं वाटतं. उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी व्याज चढतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात. असं व्याज चालू असताना कुठलीही गुंतवणूक करण्यात अर्थ नाही.

आता तुम्ही. आयुष्यात सगळ्यात जास्त माणसं तुमच्या कमाईवर अवलंबून असतात तो हाच काळ, म्हणून इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पहिली हवी गंगाजळी. सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे तुमच्या बाबतीत साडेतीन लाखांच्या आसपास. ही रक्कम कमाईसाठी नाही. बचत खातं, मोडता येणारी एफडी किंवा लिक्विड फंड (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा), इतकंच. “पगार चालू आहे की, कशाला अडकवायचे” असं तुम्ही म्हणाल. इंदूरच्या जुन्या गिरणी कामगारांच्या मुलांना विचारून बघा. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे सुमारे २२४ कोटी रुपये सुटायला डिसेंबर २०२३ उजाडला. हक्काचा पैसा होता, कोर्टानेही मानलेला होता, तरी तीस वर्षं लागली. कित्येक जण वाट बघतच गेले. आयटी कंपनीत इतकं होणार नाही, पण काही महिने नोकरीविना जाऊ शकतात. त्या महिन्यांत एफडी मोडायची की पत्नीच्या बांगड्या गहाण टाकायच्या, हे आजच ठरलेलं असलं पाहिजे.

दुसरा विमा. आत्याच्या यजमानांशी नातं सांभाळा, पण त्यांची पॉलिसी घेण्याआधी एक हिशेब करा. उद्या तुम्ही नसलात तर मुलगी कमावती होईपर्यंत, म्हणजे बावीसेक वर्षं, या घराला वर्षाला सहा-साडेसहा लाख लागतील. त्यात तिचं शिक्षण मिळवा. आकडा दीड कोटीच्या खाली येत नाही. पैसे परत देणाऱ्या वीस वर्षांच्या पॉलिसीत तुम्ही वर्षाला ५० हजार भरलेत तर साधारण दहा लाखांच्या आसपास विमा मिळतो, आणि शेवटी हाती येणारी रक्कम बहुतेक वेळा पाच-सहा टक्के परताव्याच्या पलीकडे जात नाही. म्हणजे विमा अपुरा आणि बचतही सुमार. निव्वळ मुदतीचा विमा, ज्याला सगळे टर्म प्लॅन म्हणतात, तो दीड कोटीचा साठाव्या वर्षापर्यंतचा घ्या. जिवंत राहिलात तर काहीच मिळत नाही, ही तक्रार मी रोज ऐकतो. घराला आग लागली नाही म्हणून आगीच्या विम्याचे पैसे परत मागत नाही ना आपण? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटीही शून्य झाला आहे. पॉलिसी काढताना विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली ती पत्नी-मुलीच्या नावे करण्याचा पर्याय अर्जातच असतो. त्यावर खूण केली की त्या रकमेला तुमच्या सावकारांना किंवा कर्जवसुली करणाऱ्यांना हात लावता येत नाही. ही सोय फुकट आहे, पण अर्ज भरताना ती कोणी सांगत नाही.

विमा एजंट घरचा असेल तर टर्म प्लॅनही त्यांच्याकडूनच घ्या. त्यांचं कमिशन कमी होईल, मानही राहील, आणि पुढे दावा करायची वेळ आली तर ओळखीचा माणूस जवळ असेल. अर्जात तंबाखू, रक्तदाब, साखर यांतलं काही लपवू नका. दावे नाकारले जातात ते बहुधा याच जागी.

आरोग्य विमा कंपनीचा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नोकरी गेली की तो जातो. स्वतःचा वेगळा घ्या, तोही आताच, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी विमा कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षं वाट पाहायला लावू शकते. ती तीन वर्षं तब्येत धड असताना संपलेली बरी.

आता प्लॉट. इंदूरच्या माणसाला प्लॉटचं प्रेम का आहे ते मला कळतं. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बायपासच्या बाजूला जमीन घेतली त्यांची घरं त्यातून उभी राहिली. पण डायरीवरचा सौदा हा प्लॉटचा सौदाच नाही. वहीत नाव लिहिलं, रोख दिली, पावतीसुद्धा धड नाही. रजिस्ट्री कधी होईल ते विकणाऱ्याच्या मर्जीवर. उद्या तोच प्लॉट दुसऱ्या वहीत दुसऱ्याच्या नावे निघाला तर तुमच्या हातात कोर्टात दाखवायला काही नसतं. गृहनिर्माण संस्थांमधल्या प्लॉटसाठी वीस-वीस वर्षं खेटे घालणारी कुटुंबं आपल्याच शहरात आहेत. घरं-प्लॉट विकणाऱ्या विकासकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्याचं कलम १३ असं सांगतं की नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासक किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर पाडलेल्या प्लॉटच्या कॉलनीला रेरात नोंदणी लागते. मावसभावाला एवढंच विचारा: रेरा नंबर काय, डायव्हर्जन (शेतजमिनीचा वापर निवासी करून घेणं) झालंय का, नगर तथा ग्राम निवेश या नगररचना खात्याची मंजुरी कुठे आहे? तिन्ही कागद आले तर पुढे बोलू. नाही आले तर टोकनसुद्धा देऊ नका, रक्कम लहान असली तरी.

आणि कागद चोख असले तरी दोन प्रश्न उरतात. हा पैसा कधी लागणार? प्लॉट गरजेच्या महिन्यात विकला जात नाही, गिऱ्हाईक मिळायला वर्ष जातं. तुमच्या १२ लाखांत गंगाजळी आणि कर्जफेड धरली तर प्लॉटसाठी मोकळी रक्कम राहतेच किती? म्हणून मी त्या बारा लाखांची वाटणी अशी करीन: साडेतीन लाख गंगाजळी, अडीच लाखांत कारचं कर्ज फेडून टाकायचं, एक लाख पहिल्या वर्षाच्या सगळ्या विम्यांसाठी बाजूला, आणि उरलेले पाच लाख मुलीच्या आणि तुमच्या दूरच्या तारखांसाठी.

मुलीच्या शिक्षणाला पंधरा वर्षं आहेत. त्यातला एक भाग सुकन्या समृद्धीत घाला. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी खातं उघडावं लागतं, पंधरा वर्षं भरायचं, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी मुदत संपते आणि मुलीला अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. २०२५ मध्ये व्याज ८.२ टक्के होतं. पीपीएफ चालू असेल तर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरत जा, कारण व्याज ५ तारीख ते महिनाअखेर या काळातल्या सगळ्यात कमी शिलकीवर मोजतात. दुसरा भाग साध्या इंडेक्स फंडात, म्हणजे सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडात, सहा-आठ महिन्यांत थोडा थोडा. बाजार पडेल, याची तयारी ठेवूनच घाला. जानेवारी २००८ मध्ये २१,००० वर असलेला सेन्सेक्स त्याच ऑक्टोबरात ८,००० च्या खाली आला होता. ज्यांना त्या वर्षीच्या डिसेंबरात मुलीचं लग्न करायचं होतं, त्यांचा घात झाला. शिखरावर घेऊनही ज्यांना पंधरा वर्षं हात लावायचा नव्हता, त्यांनी २०२३ च्या सुरुवातीला ६०,००० च्या आसपासचा सेन्सेक्स पाहिला. फंड तोच, बाजारही तोच. फरक फक्त लागण्याच्या तारखेचा. सात वर्षांच्या आत लागणारा पैसा मी शेअर बाजारात ठेवू देत नाही.

पुढे घर वाढवायला किंवा फ्लॅट घ्यायला गृहकर्ज काढालच. ४० लाख, २० वर्षं, साडेआठ टक्के धरले तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपयांचा पडतो आणि एकूण फेड ८३ लाखांवर जाते. वर्षातून एक हप्ता जास्त भरलात, बोनसमधून, तर हेच कर्ज तीन-साडेतीन वर्षं आधी संपतं. घरातल्या सगळ्या हप्त्यांची बेरीज हाती येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांवर जाऊ देऊ नका. आणि पत्नीचा पगार हप्त्यात गृहीत धरू नका. दुसरं मूल, सासूबाईंचं आजारपण, बदली, काहीही झालं की पहिली रजा तिलाच घ्यावी लागते. ते बदलायला हवं, पण हिशेब आजच्या जगाचा करावा लागतो. तिच्या नावाने वेगळी गुंतवणूक मात्र आजपासून चालू करा, आणि तिचे दागिने घराच्या संपत्तीत मोजू नका. ते स्त्रीधन आहे, तिचं.

मामांच्या जामिनकीकडे वळतो. जामीन म्हणजे फक्त सही, असं आपल्याकडे समजतात. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मामांचा हप्ता थकला की बँक आधी त्यांच्याकडे जाऊन मग तुमच्याकडे येईलच असं नाही. ती थेट तुमच्याकडे येऊ शकते, आणि तुमच्या क्रेडिट अहवालात ते कर्ज दिसतं. दोन वर्षांनी तुम्हाला गृहकर्ज हवं असेल तर तिथे अडतं. मला विचाराल तर नाही म्हणा, आणि नाही म्हणताना मदत करा: बुडाली तरी घर हलणार नाही एवढी रक्कम, लाख-पन्नास हजार, उसनी म्हणून द्या आणि ती विसरून जा. नात्यात सही देऊन नातं आणि पैसा दोन्ही गेल्याची उदाहरणं माझ्यासमोर खुर्चीवर बसून रडलेली आहेत.

मामा पन्नाशीच्या उंबरठ्यावर असतील. त्या वयाबद्दल थोडंच सांगतो. धंद्यातल्या माणसाला पेन्शन नसते, पीएफ नसतो, सगळं दुकानात गुंतलेलं असतं. दुकान विकून म्हातारपण काढू म्हणणाऱ्यांचं दुकान नेमकं मंदीत विकावं लागतं. पन्नाशीत दुकानातून दरमहा स्वतःला पगार काढायचा आणि त्यातला ठरलेला भाग दुकानाबाहेर, पीपीएफ किंवा एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) न्यायचा. मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी स्वतःची सगळी पुंजी मोडू नये. शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला कोणी कर्ज देत नाही. महागाई सहा टक्के धरली तर खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. आजच्या ४० हजारांच्या जागी तीस वर्षांनी २ लाख ३० हजार लागतील. हा आकडा पाहून घाबरायला होतं, पण पन्नाशीत तो एकदा पाहायलाच हवा.

शेवटी वडील. तुम्ही लिहिलंय की त्यांच्या निवृत्तीच्या रकमेपैकी बराच भाग ओळखीच्या पतसंस्थेत आहे, कारण तिथे एक-दीड टक्का जास्त मिळतो. हे सगळ्यात आधी हलवा. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे व्याजासह ५ लाखांपर्यंत भरपाई देतं; सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाही. आपल्या माणसांची म्हणून पैसे ठेवले आणि ते अडकले, हे इंदूरच्या मराठी घरांनी याआधी सोसलेलं आहे. मुदत संपेल तशी ठेव काढून पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. मर्यादा ३० लाख, मुदत पाच वर्षं, व्याज दर तिमाहीला हाती. २०२५ मध्ये दर ८.२ टक्के होता, आणि खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं टिकतो. पंधरा लाख ठेवले तर तिमाहीला ३०,७५० रुपये.

वडिलांना पेन्शन आहे, त्यांच्यानंतर आईला कुटुंब पेन्शन मिळेल. पेन्शनच्या आदेशात आईचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते बघून घ्या. लग्नाआधीचं नाव एकीकडे, लग्नानंतरचं दुसरीकडे, आणि तिसऱ्या कागदावर टोपणनाव, असं मराठी घरांत हमखास असतं, आणि ते दुरुस्त करायला कार्यालयात तिला एकटीला उभं राहावं लागतं. सत्तरी पूर्ण झाल्यावर उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून. वडिलांना अजून चार वर्षं आहेत. तोवर खाजगी विमा हवाच, आणि नंतरही शक्य तोवर चालू ठेवा.

नॉमिनी लावला म्हणजे वारसा ठरला, असा गैरसमज तुमच्या पत्रातही दिसला. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो. मालक कोण ते वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. म्हणून दोन्ही हवेत, नॉमिनी सगळीकडे आणि मृत्युपत्र एक. लोकमान्य नगरचं घर आजोबांपासून आलेलं असेल तर त्यात वडिलांचा स्वतःचा हिस्सा किती, आत्याचा आहे का, हे आधी वकिलाकडून समजून घ्या. नगर निगमच्या मालमत्ता कराच्या पावतीवर वडिलांचं नाव आहे म्हणजे मालकी त्यांची, असं होत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, केली तर उत्तम. वडिलांनी प्रत्येक पानावर सही करावी, दोन साक्षीदारांनी त्यांच्यासमोर सही करावी, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार आहे त्यांना किंवा त्यांच्या नवरा-बायकोला साक्षीदार करू नये. शेजारचे, वडिलांपेक्षा वयाने लहान असलेले दोघे चालतील. एखाद्या डॉक्टरांचा त्याच दिवशीचा, मन आणि शरीर ठणठणीत असल्याचा दाखला सोबत जोडला तर पुढे शंका काढायला जागा राहत नाही.